टाळ्या संपल्यावर जो येतो

मैफलीतली टाळी आणि स्पर्धेतली टाळी मला कधीच सारखी ऐकू येत नाही. मैफलीतली टाळी गाणाऱ्याला जाते आणि तिथेच संपते. स्पर्धेत तीच टाळी तिघांच्या कानावर पडते. एक, ज्याने आत्ता गायलं किंवा वाजवलं तो. दुसरे, समोर कागद घेऊन बसलेले परीक्षक. आणि तिसरा, विंगेत हात चोळत आपल्या नावाच्या पुकाऱ्याची वाट बघणारा पुढचा स्पर्धक. पहिल्या दोघांविषयी पुष्कळ बोललं जातं. प्रेक्षकांचा लाडका कोण होता, परीक्षकांनी कुणाला डावललं, हे वाद तर पन्नास-पन्नास वर्षं चालतात. मला मात्र हल्ली त्या तिसऱ्याचीच आठवण जास्त येते.

पियानो आमच्या घरातलं वाद्य नाही. आमच्याकडे तानपुरा आणि पेटी. पण पोलंडमधल्या वॉर्सोची शोपँ स्पर्धा घरबसल्या बघता यायला लागली आणि मला तिची ओढच लागली. १९२७ साली येझी झुरावलेव्ह या पियानोवादकाने ती सुरू केली. दर पाच वर्षांनी, ऑक्टोबरात, जवळजवळ तीन आठवडे चालते आणि तिथे फक्त शोपँ या पोलिश संगीतकाराच्या पियानोरचना वाजतात. वॉर्सोत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेनऊ झालेले असतात. जेवणं आटोपलेली, ओटा आवरलेला. कानात इअरफोन घालून बसायला त्यापेक्षा चांगली वेळ नाही.

पहिले काही दिवस सगळे सारखेच वाजवतात असं वाटतं. मग तेच बॅलाड, म्हणजे शोपँची एक लांब रचना, चौथ्यांदा, सातव्यांदा ऐकताना कान हळूहळू जागे होतात. एकाच गुरूचे चार शिष्य एकच चीज गाताना ऐकलं की आपल्याला प्रत्येकाचा स्वभाव दिसू लागतो, तसंच होतं. या मुलीने तो वळणाचा स्वर जरा धरून ठेवला, त्या मुलाने डावा हात पुढे आणला. आणि हे आपल्याला कळतं तसं सभागृहातल्या लोकांनाही कळत असतं. ते आपल्याला कसं समजतं? खोकल्यावरून. ऑक्टोबरातली वॉर्सोची हवा गार असते, आणि दोन रचनांच्या मधल्या त्या एवढ्याशा फटीत सगळं सभागृह खोकून घेतं. पण एखाद्याने नॉक्टर्न असा वाजवलेला असतो की त्यानंतरच्या फटीत कुणीच खोकत नाही. पेडलवरचा पाय अजून उचललेला नसतो, हात हवेत असतात, आणि हजार माणसं घसा आवळून बसलेली असतात. पुढची रचना सुरू झाल्यावर कुठेतरी मागे एक दबलेला खोकला ऐकू येतो. या दादेचा गुणपत्रिकेत रकाना नसतो. वाजवणाऱ्याला मात्र ती नक्की पोहोचत असणार, असं मला दर वेळी वाटतं.

कारण दुसरी कुठली दाद त्याला मधे मिळतच नाही. आपल्या कानाला ही गोष्ट पचायला वेळ लागतो. ख्याल गाणाऱ्याने समेवर नेमकी उडी घेतली की पहिल्या रांगेतून ‘वा’ येते, कुणाचा तरी हात मांडीवर पडतो, तबलजीची मान हलते, आणि गाणारा ती जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घेऊन बघतो. दादेने गाण्याची वाट बदलते. आपल्या संगीत नाटकांत तर प्रेक्षकांनी याहून पुढची मजल मारली. बालगंधर्वांच्या एकेका पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर मिळायचे आणि नाटक तेवढं थांबून राहायचं. गाणाऱ्यावर हक्क सांगणारा असा प्रेक्षक ज्याच्या कानात बसलाय, त्याला वॉर्सोतलं ते मुकाट ऐकणं आधी कोरडंच वाटतं. मग लक्षात येतं की ती दाद हरवत नाही, साठत जाते. अर्धा-पाऊण तास साठते आणि शेवटच्या स्वराबरोबर एकदम सुटते. म्हणूनच स्पर्धेतली टाळी इतकी प्रचंड असते. आणि जितकी ती प्रचंड, तितकीच ती पुढच्याच्या अंगावर येते.

या टाळीची सगळ्यात मोठी गोष्ट १९५८ सालच्या मॉस्कोतली. आदल्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला होता. आता संगीतातही आपण कुठे आहोत ते जगाला दिसावं म्हणून रशियन संगीतकार चायकॉव्हस्कीच्या नावाची पहिली स्पर्धा भरवली गेली. तिथे अमेरिकेतून एक उंच, कुरळ्या केसांचा, तेवीस वर्षांचा मुलगा आला: व्हॅन क्लायबर्न. टेक्साससारख्या तेलाच्या मुलखात वाढलेला. पण त्याची पहिली गुरू त्याची आई, आणि ती शिकलेली लिस्ट या थोर पियानोवादकाच्या एका शिष्याकडे. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याला शिकवलं रोझिना लेव्हिन यांनी, आणि त्या खुद्द मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयाच्या, सुवर्णपदक मिळवलेल्या विद्यार्थिनी. म्हणजे मॉस्कोच्या लोकांसमोर परदेशी मुलगा बसला होता, पण त्याच्या हातातून निघत होती ती त्यांच्याच घराण्याची जुनी, ऐसपैस, गाती चाल. लोक वेडे झाले ते त्यामुळे, असं मी समजते. परक्याने आपलंच काहीतरी आपल्याला परत आणून द्यावं, याइतकं माणसाला हलवणारं दुसरं काही नसतं.

अंतिम फेरीत त्याने चायकॉव्हस्कीचा पहिला कंचेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना) आणि रॅखमनिनॉव्हचा तिसरा कंचेर्तो वाजवला. किरिल कोंद्राशिन ऑर्केस्ट्रा चालवत होते. रॅखमनिनॉव्ह संपल्यावर लोक उभे राहिले ते आठ मिनिटं बसले नाहीत. ‘पहिलं बक्षीस! पहिलं बक्षीस!’ असा घोष सुरू झाला. परीक्षकसुद्धा उभे राहिले. मंडळाचे प्रमुख होते एमिल गिलेल्स, आणि परीक्षकांत स्विआतोस्लाव्ह रिख्टरही होते, दोघेही तिथले दिग्गज पियानोवादक. स्पर्धेचे नियम बाजूला ठेवून गिलेल्सनी त्या मुलाला पुन्हा मंचावर आणलं. एका अमेरिकनाला बक्षीस द्यायचं तर सोव्हिएत सत्ताधीश क्रुश्चेव्हना विचारायला हवं, म्हणून विचारलं गेलं. आणि ‘तोच सगळ्यात चांगला असेल तर द्या त्याला’ अशा अर्थाचं उत्तर आलं, असं सांगितलं जातं. काहीही असो, त्या संध्याकाळनंतर दुसरा निकाल जाहीर करणं कुणालाच शक्य नव्हतं. तो परत गेल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यातून त्याची कागदांच्या पावसात मिरवणूक निघाली. अभिजात संगीताच्या दुसऱ्या कुठल्याही कलाकाराची तिथे अशी मिरवणूक निघालेली नाही.

ही गोष्ट मी जितक्या वेळा वाचते तितक्या वेळा आनंद होतो. शीतयुद्धाच्या ऐन भरात शत्रूच्या मुलासाठी घसा कोरडा करणारे ते श्रोते मला फार मोठे वाटतात. पण त्या वर्षी दुसरं बक्षीस दोघांत वाटलं गेलं होतं. एक लेव्ह व्लासेन्को आणि दुसरा चीनचा ल्यू शिकुन, वय १९. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत पुढे याच ल्यू शिकुनला पाश्चात्त्य संगीत वाजवतो म्हणून मारहाण झाली, हाताला दुखापत झाली, कित्येक वर्षं तुरुंगात गेली. आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा पियानोवर बसला. एवढं मोठं आयुष्य. पण १९५८ च्या मॉस्कोत या एकोणीस वर्षांच्या मुलाने कसं वाजवलं, हे सांगणारं मला सहजी काही सापडत नाही. जे सापडतं ते सगळं त्या आठ मिनिटांबद्दल असतं.

वॉर्सोत १९८० साली याच्या उलट झालं, आणि तरी तेच झालं. ऑगस्टच्या शेवटी ग्दान्स्कच्या गोदीत कामगारांनी सरकारला करारावर सही करायला लावली होती. पोलंडभर ‘आता आम्ही बोलणार’ अशी हवा. त्या हवेत ऑक्टोबरात स्पर्धा सुरू झाली आणि बेलग्रेडचा, इवो पोगोरेलिच नावाचा एकवीस वर्षांचा देखणा मुलगा येऊन शोपँ असा वाजवू लागला की ऐकणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. लय त्याची स्वतःची. जिथे कागदावर हळू लिहिलंय तिथे हा जोरात, जिथे सगळे घाई करतात तिथे हा थांबणार. परीक्षक लुई केंटनर हा मुलगा पुढे गेलेला बघून मंडळातून बाहेर पडले. पुढे तिसऱ्या फेरीनंतर त्याला अंतिम फेरीतून वगळलं तेव्हा १९६५ ची विजेती मार्था आर्गेरिच उठली, हा मुलगा अलौकिक प्रतिभेचा आहे असं जाहीर सांगून तिने राजीनामा दिला. म्हणजे एकाच मुलासाठी एक परीक्षक तो आत राहिला म्हणून गेला आणि दुसरी तो बाहेर गेला म्हणून गेली. तरुण श्रोत्यांनी तर त्याला डोक्यावर घेतलं. ज्या देशात वरून आलेला प्रत्येक निकाल मुकाट ऐकून घ्यायची सवय लावली गेली होती, तिथे त्या शरद ऋतूत परीक्षकांच्या निकालाला हुर्यो मिळाली, यात मला काहीच नवल वाटत नाही. समीक्षकांनी त्याला वेगळं बक्षीस दिलं. लगोलग मोठ्या जर्मन कंपनीने त्याची शोपँची रेकॉर्ड काढली. आजही १९८० ची स्पर्धा म्हटलं की लोक त्याचंच नाव घेतात.

ती स्पर्धा जिंकली कुणी? हे विचारलं की चांगले जाणकारही क्षणभर थांबतात.

ती जिंकली व्हिएतनामच्या डांग थाय सॉनने. या स्पर्धेतला पहिला आशियाई विजेता. त्याची आई थाय थी लिएन स्वतः पियानोवादक, हनोईच्या संगीत विद्यालयाच्या संस्थापकांपैकी एक. वडील कवी, सरकारच्या रोषात सापडलेले. अमेरिकन विमानं हनोईवर बॉम्ब टाकत होती तेव्हा सगळं विद्यालय डोंगराळ भागातल्या एका खेड्यात हलवलं गेलं, आणि तिथे मुलांच्या वाट्याला पियानोची मोजकी मिनिटं येत. १९७० साली त्याच्या आईला शोपँ स्पर्धेला पाहुणी म्हणून वॉर्सोला बोलावलं गेलं. येताना तिने शोपँच्या स्वरलिपी आणि रेकॉर्डी आणल्या. त्या ऐकत हा मुलगा मोठा झाला. त्या रेकॉर्डींत आर्गेरिचचंही वाजवणं होतं. दहा वर्षांनी तो स्वतः वॉर्सोला पोहोचला, पहिलं बक्षीस मिळवलं, शिवाय माझुर्काचं, पोलोनेझचं आणि कंचेर्तोचं खास बक्षीसही मिळवलं. माझुर्का हा पोलिश मातीतला नाच. त्याचा ठेका परक्याला पकडता येत नाही असं पोलंडमध्ये मानतात, आणि तो एका व्हिएतनामी मुलाने पकडला होता. पण ज्या आर्गेरिचला ऐकत तो शिकला, ती तोपर्यंत दुसऱ्यासाठी उठून गेली होती. आणि सभागृहाबाहेर जे बोललं जात होतं ते दुसऱ्याविषयी.

यात पोगोरेलिचचा काही दोष नाही. आर्गेरिचचा तर मुळीच नाही. मनापासून पटलं त्यासाठी खुर्ची सोडणारी माणसं मला आवडतात. त्या तरुण श्रोत्यांचाही नाही. त्यांना जे भिडलं ते त्यांनी मोठ्याने सांगितलं. पण डांग थाय सॉनचं त्या काळातलं वाजवणं मी ऐकते, विशेषतः माझुर्का, तेव्हा मन अस्वस्थ होतं. इतका नितळ, कुठेही आवाज न चढवणारा शोपँ. ज्याला ऐकायला आधी सभागृह निवळावं लागतं. त्या वर्षी ते निवळलंच नसणार.

(२०२१ साली डांग थाय सॉन त्याच स्पर्धेत परीक्षक होता. तिसऱ्या फेरीत एका मुलाने शोपँने सतराव्या वर्षी लिहिलेली, मोझार्टच्या एका गाण्यावर रचलेली व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच चालीची वेगवेगळी रूपं, वाजवली आणि सभागृहाने छप्पर डोक्यावर घेतलं. तो मुलगा, ब्रूस ल्यू, पुढे स्पर्धा जिंकला. तो डांग थाय सॉनचाच शिष्य. आपल्या शिष्याला गुण द्यायचे नाहीत असा तिथे नियम आहे, त्यामुळे गुरूच्या हातात फक्त ऐकणं होतं.)

‘प्रेक्षक कधी चुकत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांना मी १९६६ ची मॉस्को स्पर्धा सांगते. गिलेल्सच्या मंडळाने पहिलं बक्षीस एका सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाला दिलं. लोकांचा जीव मिशा डिक्टर या अमेरिकन स्पर्धकावर जडला होता. तो दुसरा आला आणि लोक संतापले. त्या शाळकरी मुलाचं नाव ग्रिगोरी सोकोलोव्ह. आज युरोपात त्याचा एकट्याचा कार्यक्रम असला की लोक दूरदूरच्या गावांहून येतात, आणि तो ठरलेला कार्यक्रम संपल्यावर पाच-सहा रचना आणखी वाजवतो. तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली त्यांतलेही काही पुढे त्याला ऐकायला गेले असतील.

आणि परीक्षक? त्यांच्याकडे तरी काय अचूक मापं आहेत? १९५५ साली वॉर्सोत आश्केनाझी या रशियन पियानोवादकाला दुसरा क्रमांक दिला तेव्हा मिकेलांजेली या थोर परीक्षकाने निकालावर सही केली नाही. २०१५ साली कोरियाचा सोंग-जिन चो जिंकला. नंतर गुणपत्रिका जाहीर झाल्या. अंतिम फेरीत बहुतेकांनी त्याला १० पैकी ९ किंवा १० दिले होते. फिलिप आंत्रमाँ यांनी दिला होता १. एकाच खोलीत, एकाच संध्याकाळी, तोच पियानो, तोच कंचेर्तो. हा एकाचा आकडा बघून लोक चिडले. मला उलट बरं वाटलं, कारण एवढ्या अनुभवी कानांनाही एकच गोष्ट इतकी वेगळी ऐकू येते म्हटल्यावर आपल्या टाळीची लाज बाळगायचं कारण उरत नाही. परीक्षक तीन आठवडे ऐकतो, वही ठेवतो, काय निसटलं ते पकडतो. ते त्याचं काम. श्रोत्याला आज, या घडीला काहीतरी झालं, एवढंच सांगायचं असतं. दोघांनी एकमेकांची जागा घ्यायला जाऊ नये. १९३७ साली वॉर्सोत जपानची चिएको हारा बक्षिसांत बसली नाही तेव्हा लोकांनी इतका गदारोळ केला की तिला प्रेक्षकांच्या वतीने वेगळं बक्षीस दिलं गेलं. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. निकाल तसाच राहिला आणि लोकांना म्हणायचं होतं तेही नोंदलं गेलं.

आता आमच्या गावाबद्दल. इथे दर पावसाळ्यात शालेय मुलांची शास्त्रीय गायन स्पर्धा होते. मी तिथे वेळ बघायला बसते. माझ्यापुढे एक टेबलावरची घंटी, एक घड्याळ आणि नावांची यादी. प्रत्येकाला आठ मिनिटं. सात झाली की एक टोला, आठ झाली की दोन. पेटीवाले आणि तबलेवाले सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. मुलं बदलतात, स्वर बदलतो, तबलेवाले काका हातोडीने तबला चढव-उतर करत राहतात.

मागच्या खेपेला दुपारच्या सत्रात शहरातल्या एका नावाजलेल्या क्लासची मुलगी मियाँमल्हार गायली. दोन्ही निषादांची ती आंदोलनं, आणि मग शेवटी सपाट तानांचा जो काही वर्षाव केला, लोक उभेच राहिले. मोबाइल वर गेले. मीही टाळ्या वाजवल्या, आणि का वाजवू नयेत? सुंदरच गायली होती ती. ती खाली उतरली तशी तिच्याभोवती घोळका झाला, घोळका दारातून बाहेर पडला, आणि त्याच्यामागून अर्धं सभागृह. चहाची वेळ होतीच. प्लास्टिकच्या खुर्च्या फरशीवर ओढल्याचे आवाज, ‘अगं काय गायलीस!’, ‘तुमच्या सरांना फोन लाव’, हे सगळं उघड्या दारातून आत येत होतं. आणि माइकवर पुढचं नाव पुकारलं गेलं.

तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला सातवीतला मुलगा. पांढरा सदरा, केसांना तेल. त्याच्याबरोबर फक्त आजोबा होते. ते तिसऱ्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसलेले. मुलाने काळी एकची पट्टी सांगितली, मांडी घातली, आणि दाराकडे बघितलं. मग परीक्षकांकडे बघितलं. त्यातले एक आधीच्या मुलीचे गुण लिहीत होते. मी घड्याळ सुरू करायला थांबले. तबलेवाल्या काकांनी डग्ग्यावर हात ठेवून त्याच्याकडे वाकून म्हटलं, “बाळा, घाई नाही. मी ऐकतोय. गा.”

तो वृंदावनी सारंग गायला. मध्य लयीतली साधी बंदिश. ताना जेमतेम. पण दुसऱ्या आवर्तनाला रिषभावर असा येऊन टेकला की काकांच्या तोंडून मोठ्याने ‘वा!’ निघालं. नियमाप्रमाणे साथीदारांनी बोलायचं नसतं. परीक्षकांनी लिहिणं थांबवून वर बघितलं. आणि मुलगा? त्याने तो रिषभ पुन्हा घेतला. या वेळी खालून, मंद्रातल्या पंचमावरून, निषादावर जरा रेंगाळत. कुणी शिकवलेला नव्हता तो, तिथे सुचलेला होता. आजोबांची मान हलली. दारातून आत येणाऱ्या दोन बायका बोलत बोलत थबकल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. सात मिनिटांचा टोला द्यायचा माझा हात जरा उशिराने घंटीवर गेला.

त्याला बक्षीस मिळालं नाही, आणि परीक्षकांचं चुकलं असंही मला वाटत नाही. तयारीत ती मुलगी पुष्कळ पुढे होती. मला खुपलं ते हे, की तो गायला बसला तेव्हा ऐकायला माणसंच नव्हती. बक्षीस एकालाच मिळणार हे मुलांना ठाऊक असतं. पण आठ मिनिटं ऐकून घेतलं जाण्यावर यादीतल्या प्रत्येकाचा सारखा हक्क आहे, आणि तो हक्क परीक्षक एकटे पुरवू शकत नाहीत.

शोपँ स्पर्धेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. तिथले नेमाने येणारे लोक एका लाडक्यासाठी येऊन निघून जात नाहीत. सकाळच्या सत्रात, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा स्पर्धकालाही समोर माणसं असतात. त्यांनी तेच बॅलाड कालपासून कितीदा तरी ऐकलेलं असतं आणि तरी ते पहिल्या स्वराला स्तब्ध होतात. मधे १७ ऑक्टोबर, शोपँची पुण्यतिथी, येते. त्या दिवशी स्पर्धा बंद असते आणि त्याचं हृदय ज्या चर्चच्या खांबात ठेवलंय तिथे मोझार्टचा रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, होतो. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा आपापल्या जागेवर. या लोकांनी निकालांवर आरडाओरडा केलाय, २०१० साली यूलियाना अव्देयेव्हा जिंकल्यावर नाराजीही खूप झाली होती. पण ऐकण्यात कसूर नाही. माझ्या मते त्या आरडाओरड्याचा अधिकारही त्यांना तिथूनच मिळतो. सगळ्यांना ऐकून झाल्यावर एकासाठी भांडायला हरकत नाही.

घरी बसून ऐकणाऱ्यांची मोठी अडचण नेमकी इथेच आहे, आणि त्यांत मीही आले. २०२२ साली टेक्सासमध्ये, क्लायबर्नच्याच नावाच्या स्पर्धेत, अठरा वर्षांच्या युनचान लिमने रॅखमनिनॉव्हचा तोच तिसरा कंचेर्तो वाजवला. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या मॅरिन अल्सप यांनी शेवटी डोळे पुसले. त्याला सुवर्णपदकही मिळालं आणि प्रेक्षकांचं बक्षीसही. असा मेळ क्वचित बसतो. ते चित्रण आजवर कोटीहून जास्त वेळा पाहिलं गेलंय, आणि त्यातला शेवट बघताना माझ्याही अंगावर दर वेळी काटा येतो. शेवटची सुरावट पूर्ण विरायच्या आत सभागृह उसळतं. पण त्याच स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारी अॅना गेनियुशेने गरोदर होती. पोटातलं बाळ सांभाळत तिने त्या सगळ्या फेऱ्या वाजवल्या. कांस्य मिळालं युक्रेनच्या द्मित्रो चोनीला, आणि तेव्हा त्याच्या देशात युद्ध सुरू होऊन जेमतेम चार महिने होत होते. यांची वाजवणी तिथेच आहेत, त्याच पानावर, एक बोट खाली सरकवलं की. मी ती ऐकायचं ठरवून ऐकली. गेनियुशेनेचा आवाज मोठा, गडद, भरल्या घरासारखा आहे, आणि लिमनंतर लगेच ऐकला तर तो पोचत नाही. मधे एक दिवस जाऊ द्यावा लागतो.

यंदाच्या आमच्या स्पर्धेच्या बैठकीत मी दोन गोष्टी सुचवल्या. दर दोन स्पर्धकांच्या मधे तीन मिनिटं सोडायची, टाळ्या होऊ द्यायच्या, ज्यांना बाहेर जायचंय त्यांना जाऊ द्यायचं, मग दार लावून घेऊन पुढचं नाव पुकारायचं. आणि क्लासेसना नावनोंदणीच्या वेळीच सांगायचं, की तुमचं मूल ज्या सत्रात आहे ते सत्र संपेपर्यंत घरच्यांनी बसायचं. पहिली गोष्ट लगेच मान्य झाली. दुसरीवर बरीच चर्चा झाली. लोक लांबून येतात, एस.टी.च्या वेळा असतात, सक्ती कशी करणार, वगैरे. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, “ताई, नियम नको, पण सत्राच्या सुरुवातीला तुम्हीच माइकवरून दोन मिनिटं बोला ना पालकांशी.” मी हो म्हटलंय. तबलेवाल्या काकांनाही शेजारी उभं करणार आहे. माझ्यापेक्षा त्यांचं लोक जास्त ऐकतील.